शंका विचारणारा वैरी नव्हे

माणसे धर्मावरून भांडतात, राजकारणावरून भांडतात. परंतु गुंतवलेल्या पैशावरून होणारे भांडण काही निराळेच असते. ज्या कंपनीत आपण पैसे घातले तिच्याविषयी कोणी शंका काढली, की ती शंका कंपनीविषयी आहे असे आपणांस वाटत नाही. ती आपल्या अकलेविषयी आहे असे वाटते. एरवी शांत असणारे काका भरल्या पानावरून उठतात आणि शंका काढणारे मामा पुढच्या सणाला येईनासे होतात. असे प्रसंग आता पुष्कळ घरांत घडू लागले आहेत, कारण शेअरबाजार ही मूठभर दलालांची व शेठजींची गोष्ट राहिलेली नाही. शेअर ज्या खात्यांत नोंदले जातात त्या डीमॅट खात्यांची संख्या आपल्या देशात ऑगस्ट २०२२ मध्ये दहा कोटींच्या पलीकडे गेली. कारकून, दुकानदार, शिक्षक, निवृत्त गृहस्थ, घर सांभाळून शिल्लक टाकणाऱ्या गृहिणी, अशा सर्वांचा पैसा आज त्यात आहे. तेव्हा बाजाराविषयी कसे बोलावे आणि कसे ऐकावे, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्याही घरचा झाला आहे.

शेअर कसे घ्यावेत, कोणते घ्यावेत, हे ह्या लेखात सांगावयाचे नाही. तो आमचा अधिकारही नव्हे. एकाच ठिकाणी ज्यांचा पैसा अडकला आहे त्या माणसांनी आपापसांतला मतभेद कोणत्या रीतीने बोलून दाखवावा, आणि तो बोलला गेला नाही तर काय होते, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. सुदैवाने म्हणा वा दुर्दैवाने म्हणा, ह्या प्रश्नाचे फार मोठे उदाहरण आपल्या हैदराबाद शहरातच घडले आहे.

एक भाव, दोन मते

प्रथम बाजार म्हणजे काय ते पाहू. कंपनीचे भांडवल लहान लहान समान भागांत विभागलेले असते. त्या प्रत्येक भागास शेअर म्हणतात, आणि ज्याच्याकडे शेअर आहे तो भागधारक, म्हणजे त्या प्रमाणात कंपनीचा मालक. समजा, एका शेअरचा भाव १०० रुपये आहे आणि तो आज एका हातातून दुसऱ्या हातात गेला. विकणारा काय समजत असतो? शंभर रुपये हातात आलेले बरे, पुढे इतके मिळतील याचा नेम नाही. आणि घेणारा काय समजत असतो? शंभराला मिळतो आहे तोवर घ्यावा, पुढे याचे अधिक होतील. दोघांची मते एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत आणि तरीही दोघे एकाच क्षणी, एकाच भावावर, हातघाईवर न येता व्यवहार पुरा करतात. कधी विकणाऱ्याचे मत तसे नसतेही; त्याला मुलाची फी भरावयाची असते. परंतु बहुतेक वेळा मतभेद असतो म्हणूनच व्यवहार होतो. सर्वांनाच शेअर घ्यावासा वाटला, तर विकणार कोण?

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ज्या बाजारात हजारो माणसे दररोज एकमेकांशी असहमत होऊन व्यवहार करतात, त्याच बाजाराविषयी बोलताना आपण असहमत माणसाला शत्रू समजू लागतो. भाव ठरविण्यासाठी आपणांस विरुद्ध मताचा माणूस हवा असतो. पण आपला समज तपासण्यासाठी मात्र तो नको असतो. हा विसंवाद विचार करण्यासारखा आहे.

वाद, जल्प आणि वितंडा

आपल्या पूर्वजांनी चर्चेचा फार बारकाईने विचार केला होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्या चर्चेत दोन्ही पक्षांस सत्य जाणून घ्यावयाचे असते, ती चर्चा म्हणजे वाद. ज्या चर्चेत सत्यापेक्षा जिंकण्याची इच्छा प्रबळ असते आणि त्यासाठी शब्दच्छलही चालतो, ती जल्प. आणि ज्या चर्चेत बोलणाऱ्यास स्वतःचे मत मांडावयाचेच नसते, फक्त दुसऱ्याचे मोडावयाचे असते, ती वितंडा. मराठीत आपण ‘वाद’ हा शब्द भांडणाच्या अर्थाने वापरू लागलो आणि ‘वितंडवाद’ असा जोडशब्दही रूढ केला. मूळ अर्थाने वाद हा तिघांत श्रेष्ठ होय. त्यात प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडावे लागे. त्यास पूर्वपक्ष म्हणत. पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्ताकडे जाता येत नसे.

गुंतवणूकदारांचे बोलणे बहुधा जल्पाकडे झुकते, आणि त्याचे कारण स्वभावात तितके नाही जितके खिशात आहे. ज्याने शेअर घेतले आहेत त्यास भाव चढावा असे वाटते. ज्याने नुकतेच विकले आहेत त्यास, मनातल्या मनात का होईना, भाव उतरावा असे वाटते, म्हणजे आपण वेळेवर बाहेर पडलो याचे समाधान मिळते. मनातील इच्छा बुद्धीचा वेष घेऊन येते आणि आपण तिलाच तर्क समजतो. म्हणून ह्या क्षेत्रात सभ्यतेची गरज इतर ठिकाणांहून अधिक आहे. आता उदाहरणाकडे वळू.

आपल्या शहरातील गोष्ट

हैदराबादला रोखेबाजाराची ओळख जुनीच आहे. निजामाच्या राजवटीत, १९४३ साली, येथे हैदराबाद रोखेबाजार स्थापन झाला. २००७ मध्ये त्याची मान्यता संपली; तोवर बहुतेक व्यवहार मुंबईच्या मोठ्या बाजारांतून यंत्राद्वारे होऊ लागले होते. ह्याच शहरात १९८७ साली ‘सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ ही कंपनी निघाली. वीस वर्षांत ती देशातील संगणकक्षेत्राच्या अग्रगण्य कंपन्यांत गणली जाऊ लागली. सुमारे पन्नास हजार माणसे तिच्यात काम करीत. तिचे शेअर मुंबईत तर विकले जातच, शिवाय न्यूयॉर्कच्या बाजारातही त्यांची उलाढाल होई. संस्थापक बी. रामलिंग राजू यांच्याविषयी शहरास अभिमान होता. अशा कंपनीविषयी शंका काढणे म्हणजे शहराविषयीच शंका काढणे, असे वाटण्याजोगे ते दिवस होते.

राजू यांच्या कुटुंबाच्या आणखी दोन कंपन्या होत्या: बांधकामाची ‘मेटास इन्फ्रा’ आणि जमीनजुमल्याची ‘मेटास प्रॉपर्टीज’. ‘सत्यम’ची इंग्रजी अक्षरे उलट क्रमाने लिहिली म्हणजे ‘मेटास’ हे नाव तयार होते. रोज मेट्रोने शाळेत येणाऱ्या विद्यार्थ्यांस हे ठाऊक नसेल, की त्या मेट्रोचे काम २००८ मध्ये प्रथम मेटास इन्फ्राच्या नेतृत्वाखालील गटास मिळाले होते. त्या गटाने सरकारकडून अनुदान घेण्याऐवजी उलट सरकारलाच हजारो कोटी रुपये देऊ केले होते. दिल्ली मेट्रोचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांना हे चमत्कारिक वाटले. सप्टेंबर २००८ मध्ये त्यांनी नियोजन आयोगास पत्र लिहून सावध केले, की रेल्वेच्या निमित्ताने मोक्याची शेकडो एकर जमीन व्यापारासाठी दिली जात आहे आणि पुढे हे प्रकरण अंगाशी येईल. तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने उत्तरादाखल त्यांच्यावर बदनामीचा दावा लावण्याचा इशारा दिला.

श्रीधरन यांचा प्रत्येक तर्क बरोबर होता की नाही, हा प्रश्न वेगळा. त्यांनी आकडे व कारणे देऊन जबाबदार पदावरून एक शंका मांडली होती. तिचे उत्तर आकड्यांनी व कारणांनीच द्यावयास हवे होते. शंका विचारणाऱ्यास कचेरीची पायरी दाखवणे, हे उत्तर होत नाही. पुढे त्या गटास कामासाठी पैसा उभा करता आला नाही आणि जुलै २००९ मध्ये करार रद्द झाला. २०१० साली ते काम लार्सन अँड टूब्रो कंपनीकडे गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये गाडी धावू लागली. दरम्यान, ज्या सप्टेंबरात श्रीधरन यांनी पत्र लिहिले त्याच महिन्यात सत्यम कंपनीस उत्तम कारभाराबद्दल ‘गोल्डन पीकॉक’ नावाचा मोठा पुरस्कार मिळाला. पुढे तो काढून घेण्यात आला.

एका रात्रीचा मतभेद

१६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने एक ठराव केला. मेटास प्रॉपर्टीज संपूर्ण आणि मेटास इन्फ्राचे ५१ टक्के शेअर सत्यमने विकत घ्यावेत. पहिलीसाठी १३० कोटी व दुसरीसाठी ३० कोटी, असे एकूण १६० कोटी डॉलर द्यावेत. राजू कुटुंबाकडे त्या वेळी सत्यमचे दहा टक्क्यांहूनही कमी शेअर होते. म्हणजे जो पैसा खर्च व्हावयाचा होता त्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक मालक दुसरेच होते, आणि तो पैसा जावयाचा होता अध्यक्षांच्या मुलांच्या कंपन्यांकडे. तरीही ह्या व्यवहारास भागधारकांची मंजुरी लागत नाही, अशी कंपनीची भूमिका होती.

बातमी प्रसिद्ध होताच गुंतवणूकदारांनी आक्षेप घेतला. त्यांचे प्रश्न साधे होते. संगणकाचे काम करणाऱ्या कंपनीने जमिनी का घ्याव्यात? जगभर मंदी असताना हातची रोकड का घालवावी? घ्यावयाच्याच तर त्या अध्यक्षांच्या घरच्याच का? आणि किंमत कोणी ठरवली? ह्या प्रश्नांत कोणास शिवी नव्हती, कोणावर चोरीचा आरोप नव्हता. ताळेबंदात आत काय लपले आहे हे विचारणाऱ्यांस ठाऊकही नव्हते. परंतु प्रश्न नेमके होते आणि त्यांची उत्तरे मिळत नव्हती. त्या रात्री न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमचा भाव निम्म्याहून खाली आला. सकाळ होण्यापूर्वी कंपनीने व्यवहार मागे घेतला. दुसऱ्या दिवशी मुंबईतही भाव सुमारे ३० टक्क्यांनी घसरला.

इथवर पाहिले तर एक वाईट सौदा टळला, एवढेच दिसते. खरा अर्थ तीन आठवड्यांनी उलगडला. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास पत्र लिहून कबुली दिली, की कंपनीच्या हिशेबात अनेक वर्षे नफा फुगवून दाखवला गेला आहे. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोकड व बँकेतील शिल्लक मिळून ५,३६१ कोटी रुपये दाखवले होते; त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. विद्यार्थ्यांनी टक्केवारी काढून पाहावी: कागदावरच्या दर शंभर रुपयांतील चौऱ्याण्णव रुपये नुसती शाई होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी. मेटासचा सौदा हा खोट्या रकमेच्या जागी खरी मालमत्ता आणून बसवण्याचा शेवटचा प्रयत्न होता, असेही त्या पत्रात होते. त्या एका दिवसात सत्यमचा शेअर सुमारे १७९ रुपयांवरून ४० रुपयांच्या खाली आला. निवृत्तीचा पैसा ज्यांनी त्यात ठेवला होता, बक्षीस म्हणून मिळालेले शेअर ज्या कर्मचाऱ्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवले होते, त्यांच्या घरी त्या रात्री काय झाले असेल याची कल्पना करावी.

आता मागे वळून पाहा. १६ डिसेंबरला गुंतवणूकदारांनी तोंड उघडले नसते, ‘इतका मोठा माणूस, तो का चुकेल?’ म्हणून ते गप्प राहिले असते, तर सौदा झाला असता, खड्डा जमिनीच्या कागदांनी झाकला गेला असता आणि फसवणूक आणखी किती वर्षे वाढत राहिली असती कोण जाणे. लेखापरीक्षकांच्या सह्या जे दाखवू शकल्या नाहीत ते उघडकीस येण्यास काही साधे, सभ्य, पण माघार न घेणारे प्रश्न कारण झाले. कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही हे खरे. परंतु तांबडे फुटले हे सांगणारा कोणीतरी लागतो.

गप्प बसणे म्हणजे सभ्यता नव्हे

ह्याच गोष्टीत सभ्यतेची दुसरी, फसवी बाजूही दिसते. १६ डिसेंबरच्या बैठकीत काही स्वतंत्र संचालकांनी शंका बोलून दाखवल्या होत्या. ते विद्वान व प्रतिष्ठित लोक होते. तरीसुद्धा ठराव एकमताने मंजूर झाला. पुढे पहिला राजीनामा देणाऱ्या संचालिका मंगलम श्रीनिवासन यांनी, आपण विरोधाचे मत नोंदवले नाही याची नैतिक जबाबदारी स्वतःकडे घेतली. त्यांच्यामागोमाग आणखी तिघांनी राजीनामे दिले.

यातून शिकावयाचे ते असे: शंका असणे एक, ती कुजबुजणे दुसरे आणि ती नोंदवणे तिसरे. बैठकीत कटुता नको, यजमानाचे मन दुखवू नये, एकट्यानेच वेगळे दिसू नये, ह्या भावना चांगल्या घरातल्या माणसांच्या असतात. पण जेथे आपण दुसऱ्याच्या पैशाचे राखणदार म्हणून बसलो आहोत तेथे त्या भावनेपायी गप्प राहणे हा कर्तव्याचा त्याग होय. सभ्यतेचे काम विरोध मिटवणे हे नाही. विरोध करणाऱ्यास पुन्हा उद्या त्याच पंगतीला बसता यावे आणि ऐकणाऱ्यास त्याचे म्हणणे अपमान न वाटता ऐकता यावे, यासाठी सभ्यता असते. ती विरोधाला टिकवून धरते. शिवीगाळ करणाऱ्याचे म्हणणे खरे असले तरी लोक त्याचे शब्द विसरतात व शिवी लक्षात ठेवतात; आणि जो भिडेखातर गप्प राहतो त्याचे म्हणणे तर कोणाच्या कानीच पडत नाही. दोघांच्याही हातून सत्य सारखेच निसटते.

आपल्या शहराला हा पाठ अवघड वाटू नये. आमची घरची भाषा कोंकणी, शाळेतील मराठी, आणि बाजारात तेलुगू व दख्खनी रोज कानी पडते. तेलुगू माणूस नकार देतानाही समोरच्याच्या नावापुढे ‘गारू’ लावतो. दख्खनी बोलणारा ‘आप’ सोडीत नाही. कोंकणी घरांत वडीलधाऱ्यांचे म्हणणे खोडताना ‘तुमी’ म्हणूनच खोडतात. आदर आणि असहमती एका वाक्यात सुखाने नांदू शकतात, हे आपल्या भाषांस पूर्वीपासूनच ठाऊक आहे.

शंका आणि अफवा

येथे कोणी विचारील, की मग कोणीही उठून कोणाविषयीही काहीही बोलावे काय? नाही. एप्रिल २००३ मध्ये गुजरातेत आय.सी.आय.सी.आय. बँक बुडणार अशी आवई उठली. खातेदारांनी पैसे काढण्यासाठी रांगा लावल्या. बँकेची स्थिती वास्तविक उत्तम होती; रिझर्व्ह बँकेने तसा निर्वाळा दिला, रोख पुरवली आणि काही दिवसांत रांगा ओसरल्या. परंतु रांगेत उभ्या राहिलेल्यांचा जीव मात्र तोवर टांगणीला लागला होता.

शंका आणि अफवा यांतील भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. शंकेला धनी असतो. अफवा ‘लोक म्हणतात’ एवढ्यावर चालते. शंका उत्तराची वाट पाहते. अफवेला उत्तर नकोच असते, तिला फक्त पुढे जावयाचे असते. शंका कागद दाखवा म्हणते. अफवा कागद पाहून थांबत नाही. म्हणून शंका विचारणाऱ्याचा सत्कार करावा, आणि अफवा सांगणाऱ्यास शांतपणे एवढेच विचारावे, ‘हे तुम्हांस कोणी सांगितले आणि ते कशावरून?’ ह्या एका प्रश्नाने निम्म्या अफवा जागच्या जागी विरतात.

बोलण्याचे पाच नियम

आतापर्यंतच्या विवेचनातून घरी, मित्रमंडळीत वा भागधारकांच्या सभेत पाळता येतील असे काही नियम निघतात.

पहिला : बोलण्यापूर्वी आपला संबंध सांगावा. ‘माझ्याकडे ह्या कंपनीचे शेअर आहेत’ अथवा ‘मी गेल्याच महिन्यात विकले’ असे सांगून पुढे बोलावे. ऐकणारा मग आपल्या बोलण्याचे योग्य वजन करील. शेअरांविषयी सल्लालेख लिहिणाऱ्या व्यावसायिकांनी आपला असा संबंध जाहीर करावा, हा नियम सेबीने २०१४ साली घालूनच दिला आहे. व्यावसायिकांस जे बंधन ते स्नेह्यांस शोभा देईल.

दुसरा : आधी पूर्वपक्ष मांडावा. समोरच्याचे म्हणणे त्याने ‘होय, हेच मला म्हणावयाचे आहे’ असे म्हणेपर्यंत आपल्या शब्दांत सांगावे. मगच त्याचे खंडन करावे.

तिसरा : माहिती, अंदाज आणि इच्छा ह्या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ‘कंपनीवर इतके कर्ज आहे’ ही माहिती. ‘ती ते फेडू शकेल’ हा अंदाज. ‘भाव दुप्पट होणार’ ही पुष्कळ वेळा नुसती इच्छा असते.

चौथा : विधानास उत्तर द्यावे, माणसास नव्हे. ‘तुम्हांला बाजारातले काय कळते?’ ह्या वाक्याने कंपनीचे कर्ज एक पैशानेही कमी होत नाही.

पाचवा : काय दिसले तर आपण मत बदलू, हे आधीच सांगून ठेवावे. ज्यास असे काहीच सांगता येत नाही, त्याचे ते मत नसून केवळ आसक्ती आहे असे समजावे.

दुसऱ्या नियमाचा प्रयोग आम्ही वर्गात करून पाहिला आहे. ‘घरची शिल्लक बँकेत ठेवावी की शेअरांत?’ असा विषय देऊन वर्गाचे दोन भाग केले आणि प्रत्येक बाजूने आधी दुसऱ्या बाजूचे म्हणणे मांडावे अशी अट घातली. सुरुवातीस हशा पिकला. पुढे असे दिसले, की दुसऱ्याची बाजू नीट मांडण्यासाठी ती आधी नीट ऐकावी लागते, आणि नीट ऐकल्यावर आवाज आपोआप खाली येतो. तासाच्या शेवटी दोन्ही बाजू आपापल्या मतावरच होत्या. पण महागाई, व्याज, जोखीम ह्या शब्दांचे अर्थ दोघांसही आधीपेक्षा स्पष्ट झाले होते. मतभेद संपला नाही, शहाणा मात्र झाला.

पुढे काय झाले

सत्यमची कथा अर्धवट सोडणे बरे नव्हे. जानेवारी २००९ मध्ये केंद्र सरकारने जुने संचालक मंडळ दूर केले आणि दीपक पारेख, किरण कर्णिक, सी. अच्युतन आदींचे नवे मंडळ नेमले. बहुसंख्य कर्मचारी कामावर टिकून राहिले. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्र कंपनीने ५८ रुपये भावाने सत्यममध्ये हिस्सा घेतला आणि २०१३ साली सत्यम तिच्यात विलीन झाली. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंसह दहा जणांस दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली; त्यावर अपील होऊन शिक्षेची अंमलबजावणी स्थगित झाली.

एक विषमता मात्र सर्वांस बोचली. अमेरिकेतील गुंतवणूकदारांनी तेथील कायद्यानुसार सामुदायिक दावा केला आणि २०११ मध्ये तडजोडीने सत्यमकडून साडेबारा कोटी डॉलर मिळवले. भारतातील लहान भागधारकास तसा दावा करण्याची सोय त्या वेळी कायद्यात नव्हती. २०१३ च्या कंपनी कायद्यात ती सोय करण्यात आली. त्याच कायद्याने अशीही तरतूद केली, की कंपनीचा मोठा व्यवहार तिच्या चालकांच्याच नात्यातील कंपनीशी व्हावयाचा असेल आणि भागधारकांची मंजुरी लागत असेल, तर ज्यांचा त्यात हितसंबंध आहे त्यांनी त्या ठरावावर मत देऊ नये. १६ डिसेंबरच्या रात्री जे प्रश्न लोकांना आरडाओरड करून नव्हे, पण धावपळ करून विचारावे लागले, त्यांना आता कायद्यात आसन मिळाले आहे.

परंतु कायद्याने दिलेले आसन रिकामे राहिले तर त्याचा उपयोग काय? वार्षिक सभेची सूचना घरी येते आणि न वाचता रद्दीत जाते. ताळेबंद कोणी उघडीत नाही. घरातल्या शंकेखोर मामांस आपण हसून गप्प करतो. आमची विद्यार्थ्यांस विनंती एवढीच, की पुढे तुमच्या हाती पैसा येईल तेव्हा तुमच्याशी सहमत असणाऱ्या दहा जणांबरोबर एखादा तरी न पटणारा माणूस जवळ ठेवा, त्याला पाणी विचारा, बसावयास पाट द्या आणि त्याचे म्हणणे पुरते ऐका. तो चुकत असेल तर तुमचे काही जाणार नाही. तो बरोबर असेल, तर तुमचे घर वाचेल.

विचारासाठी प्रश्न

१. एकाच भावावर विकणारा व घेणारा यांची मते विरुद्ध कशी असू शकतात? स्वतःचे उदाहरण द्या.
२. वाद, जल्प व वितंडा यांतील भेद सांगून तुमच्या ऐकण्यातील एखादी चर्चा कोणत्या प्रकारची होती ते लिहा.
३. संचालकांनी शंका बोलून दाखवली पण विरोधाचे मत नोंदवले नाही. ह्या दोहोंत काय फरक पडतो?
४. घरी वडीलधाऱ्यांस विचारून एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल मिळवा. त्यातील ‘रोकड व बँकेतील शिल्लक’ ही नोंद शोधा आणि तिच्याविषयी विचारता येतील असे दोन सभ्य प्रश्न तयार करा.